नकाशातली गावे

एक इंचास एक मैल या प्रमाणाचे, भारतीय सर्वेक्षण विभागाचे वर्धा खोऱ्याचे जुने नकाशे मी पाहिले. तपकिरी समोच्चरेषा, निळी नदी, तांबडी गावे, विहिरी, देवळे, गाडीवाटा! १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे खुल्या खाणी वाढल्या. शेतांच्या जागी खड्डे पडले, उपसलेल्या मातीचे डोंगर उभे राहिले. कोळशाने वीज दिली, हे मान्य. पण आमच्यासारख्या घरात सातबारा हाच एकमेव ग्रंथ. जमीन संपादित झाली की त्यावरचे नावही बदलते. नकाशात विहीर सापडते, तिथे पाणी भरणारी माणसे नाहीत. म्हणून मित्रहो, हे नकाशे महाविद्यालयात लावा आणि म्हाताऱ्यांना विचारून शेतांची नावे त्यांवर लिहा. मोबदला सरकार मोजील. गावाची आठवण आपणच मोजायची.