कळेल त्या भाषेत

मध्य प्रदेशातल्या बालाघाटहून महाराष्ट्रातल्या गोंदियात गेलेल्या माणसाची बोली बदलत नाही. बदलतो तो ठाण्यातला कागद. इकडे हिंदी, तिकडे मराठी. घरात गोंडी किंवा पोवारी बोलणाऱ्याने मात्र दोन्हीकडे मुकाट अंगठा उठवायचा!

म्हणून मुंबईतल्या वरळीच्या अपघात प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा ६ नोव्हेंबर २०२५ चा निकाल बालाघाट जिल्ह्यातल्या लांजी-बैहरमध्येही वाचला जावा. अटकेची कारणे लेखी हवीत आणि पकडलेल्याला कळणाऱ्या भाषेत हवीत. तत्काळ जमले नाही तर तोंडी सांगा. पण रिमांडसाठी उभे करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हाती पडलाच पाहिजे. नाहीतर अटक बेकायदा.

बाकीचे हक्क जुनेच: चोवीस तासांत न्यायदंडाधिकारी, नातलगाला खबर, चौकशीदरम्यान वकिलाची भेट, स्वतःविरुद्ध न बोलण्याची मुभा. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या कोठड्यांतल्या स्त्रियांचे हाल पत्राने कळवले, तेव्हा १९८३ मध्ये याच न्यायालयाने दंडाधिकाऱ्यांना बजावले होते, की छळाची तक्रार आहे का, हे आरोपीला विचारा. पण गोंडीत विचारणार कोण? ठाण्यातलाच शिपाई दुभाषा असेल, तर तक्रार ऐकू येणारच नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने गोंडी आणि मराठी जाणणारे वकील आपल्या यादीत घ्यावेत, एवढी तरी आमची मागणी आहे.