पद्मिनी गेली, मिस्त्रीचे काय?

मुंबईच्या ताडदेव आर.टी.ओ.त २९ ऑक्टोबर २००३ रोजी शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची नोंद झाली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ही काळी-पिवळी रस्त्यावरून कायमची उतरली. वर्तमानपत्रांनी फोटो छापले, जुन्या लोकांनी आठवणी काढल्या. पण ज्यांच्या घरची चूल या गाडीवर पेटत होती त्या मिस्त्री, डेंटर, पेंटर, वायरमन आणि सीट शिवणाऱ्या कारागिरांची विचारपूस फारशी कोणी केली नाही.

ही गाडी आपल्या कुर्ल्याची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. आधी अमेरिकन डॉज-प्लिमथची जुळणी झाली, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. साठच्या दशकात ११०० डिलाइट निघू लागली, तीच पुढे नाव बदलून पद्मिनी झाली. १०८९ सी.सी.चे इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअर, तोच सांगाडा. २००० च्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत फारसे काही बदलले नाही. लायसन्स-परमिटच्या जमान्यात लोक गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. गिऱ्हाईक दाराशी रांगेत उभे असताना माल सुधारण्याची घाई कोणाला असणार? डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि रांग दुसऱ्याच्या दाराशी लागली. प्रीमियरने ११८ एन.ई. काढून पाहिली, प्यूजो कंपनीला भागीदार घेऊन कल्याणच्या कारखान्यात ३०९ काढली. तेथे कामगारांशी तंटा झाला, भागीदारही निघून गेला.

मात्र कंपनीने हात वर केले म्हणून गाडी थांबली नाही. पुढची वीसेक वर्षे तिला मिस्त्रींनी चालवले. कंपनीचा पार्ट मिळेनासा झाला तेव्हा कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर, चोर बाजारात, भंगारात निघालेल्या गाडीत तो शोधला. तेथेही नसेल तर लेथवर बनवून घेतला. (डुप्लिकेट माल ओरिजिनलच्या डब्यात घालून विकणारेही याच बाजारात होते. मालातला ऐब लपवून विकणे आपल्या दीनमध्ये नाजायज आहे, याची त्यांना आठवण नव्हती असे कसे म्हणावे?) इंजिनचा आवाज ऐकून कार्ब्युरेटर जुळवणे, पॉइंट घासून गाडी चालू करणे हे हुनर पुस्तकातून येत नाही. शाळा सुटलेला पोरगा उस्तादाकडे पाने पुसण्यापासून सुरुवात करी आणि आठ-दहा वर्षांनी स्वतःचे गॅरेज टाकी.

या धंद्यात आपल्या समाजाची संख्या मोठी आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही मोटार दुरुस्तीत मुसलमानांचा सहभाग इतरांच्या मानाने अधिक असल्याची नोंद आहे. म्हणूनच एखादी गाडी बंद पडणे ही आपल्यासाठी केवळ आठवणींची बाब नाही.

खरा प्रश्न त्या वीस वर्षांचा आहे. कारखाना बंद झाल्याचे सर्वांना दिसत होते. २००० सालापासून प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले, सेन्सर आले. गाडीचे दुखणे कानाऐवजी स्कॅनरने ओळखण्याचे दिवस आले. काहींनी वेळीच सी.एन.जी. किटचे काम शिकून घेतले. पण पद्मिनीचे काम मिळते आहे तोवर नवे कशाला शिका, असे म्हणणारेच अधिक निघाले. स्पष्ट बोलायचे तर कंपनीने जी चूक मोठ्या प्रमाणावर केली तीच आपण लहान प्रमाणावर केली.

आणि हे जुन्याच गाड्यांचे नशीब आहे असेही नाही. उत्तरपाड्याची अँबॅसेडर मे २०१४ मध्ये थांबली. तिचे नुसते नाव २०१७ मध्ये ऐंशी कोटींना विकले गेले. शेवरोलेची देशातील विक्री २०१७ अखेर बंद झाली, तळेगावचा तिचा कारखाना पुढे ह्युंदाईकडे गेला. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणे बंद करण्याचे जाहीर केले. मात्र कंपनी गेली तरी लोकांनी घेतलेल्या गाड्या दारात उभ्याच असतात. शोरूम कमी होतात, पार्ट महाग होतो आणि मालक बाहेरचा भरवशाचा मिस्त्री शोधू लागतो. हे काम आपले आहे, पण त्याला स्कॅनर लागतो, तो वाचता यावा लागतो आणि पक्के बिल द्यावे लागते. पुढे विजेची गाडी आहेच. तिला क्लच नाही, प्लग नाही, इंजिन ऑइल नाही.

एकट्या गॅरेजवाल्याला यंत्र परवडत नसेल तर एका गल्लीतल्या चौघांनी शिरकतीत का घेऊ नये? जेथे बिनव्याजी कर्ज देणाऱ्या संस्था आहेत तेथे त्यांनी लग्नखर्चाच्या अर्जाआधी असा अर्ज मंजूर करावा. गरजू मुलाची आय.टी.आय.ची फी जकातीतून भरता येते, उलेमांना विचारून घ्यावे. उस्तादांनीही हाताखालच्या पोराला दहावी होऊ द्यावी. त्याचे काम संध्याकाळीही शिकवता येते. आय.टी.आय.चे प्रवेश दहावीच्या निकालानंतर सुरू होतात. यंदा त्याची शेवटची तारीख प्रत्येक मोहल्ल्याच्या मशिदीबाहेरील फळ्यावर लिहिली जावी, एवढी विनंती विश्वस्तांना आहे.