ब्राउझर कोणता यापेक्षा तो अपडेट होतो का, ते बघा

सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती, बँक, सगळं आता ब्राउझरमधून चालतं. त्यामुळे 'क्रोम सुरक्षित की फायरफॉक्स?' हा प्रश्न हमखास येतो. खरं सांगायचं तर नावांत वाटतो तेवढा फरक नाही. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, सॅमसंगचा ब्राउझर हे सगळे क्रोमियम या एकाच पायावर उभे आहेत. एकात भोक सापडलं की बहुतेकदा ते बाकीच्यांतही असतं. दुरुस्ती कोण लवकर देतं, एवढाच फरक. फायरफॉक्सचं इंजिन वेगळं. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन त्यात मोबाइलवरही बसतं, क्रोममध्ये मोबाइलवर बसत नाही. खोट्या 'डाउनलोड' बटणांना फसणाऱ्यांसाठी हा फायदा मोठा आहे.

पण खरं दुखणं जुन्या यंत्रांत आहे. जानेवारी २०२३ मध्ये आलेलं क्रोम १०९ हे विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारं शेवटचं. त्यानंतर सापडलेली भोकं त्या संगणकांवर उघडीच राहतात. ऑनलाइन कामं करून देणाऱ्या दुकानात असा संगणक असेल, तर धोका एकट्या मालकाला नाही. आधार, पासबुक, पासवर्ड तिथे अख्ख्या गावाचे टाकले जातात. मोबाइलचंही तेच. क्रोम १३९ पासून निदान अँड्रॉइड १० लागतं. घरात मोठ्याकडून धाकट्याकडे आलेला अँड्रॉइड ८ किंवा ९ चा फोन चालतो, नेटही चालतं, फक्त दुरुस्त्या येत नाहीत.

कमी डेटात चालतो म्हणून यूसी ब्राउझर अनेकांनी वापरला. त्याच्याकडून फोनची आणि शोधलेल्या शब्दांची माहिती नीट सुरक्षित न करता बाहेर जाते, हे कॅनडातल्या सिटिझन लॅबने २०१५ मध्येच दाखवलं होतं. जून २०२० मध्ये केंद्राने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली, त्यात तोही गेला. कुणाकडून एपीके घेऊन अजून वापरत असाल, तर काढून टाका.

आणि पत्त्याशेजारचं कुलूप? वाटेत कुणी माहिती वाचत नाही, एवढंच ते सांगतं. पलीकडे चोर बसला असला तरी कुलूप दिसतंच. म्हणूनच क्रोमने २०२३ मध्ये संगणकावरून ते चिन्ह काढलं. सातबाऱ्याच्या संकेतस्थळाचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन'ने संपतो का, हे आपणच वाचायचं.

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट क्रोम' उघडलं की आवृत्तीचा आकडा दिसतो. दुकानातल्या संगणकावर तो १०९ दिसला, तर बँकेचा पासवर्ड तिथे टाकू नका.