डीजेची सुपारी देताना कानाचा विचार कोण करणार?

गेल्या महिन्यात ओपीडीत सत्तावीस वर्षांचा एक मुलगा आला. मूळचा लातूरकडचा, इथे एका रेस्टोबारमध्ये चार वर्षांपासून बारटेंडर. आठवड्यातल्या पाच रात्री साधारण आठ ते एक, आणि डीजेचा कन्सोल त्याच्या काउंटरपासून दहा-बारा फुटांवर. म्हणाला, "डॉक्टर, खोलीवर जाऊन दिवा बंद केला की कानात रातकिडे सुरू होतात. सकाळपर्यंत थांबत नाहीत." आईची वेगळीच तक्रार होती, की हा फोनवर ओरडून का बोलतो.

ऑडिओमेट्री केली. दोन्ही कानांच्या आलेखात ४००० हर्ट्झला खड्डा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरला हा खड्डा दुरूनही ओळखता येतो. वयामुळे येणारा बहिरेपणा आलेखावर हळूहळू उतरत जातो, आवाजाने झालेली इजा मात्र बहुतेक वेळा याच जागी खड्डा पाडते.

त्याच्याबरोबर बारचा मालक आला होता. स्वतःच्या गाडीतून घेऊन आला, तपासणीचे पैसेही त्यानेच दिले. भला माणूस. पण तो जे बोलला त्यामुळे हा लेख लिहावा लागतोय. "डॉक्टर, आमचं सगळं नियमात आहे. साउंडप्रूफिंगला एवढा खर्च केलाय. बाहेर टाचणी पडली तरी ऐकू येईल."

बाहेर! अहो, तो मुलगा आत उभा असतो.

मालक खोटं बोलत नव्हता. आपल्याकडचे ध्वनिप्रदूषण नियम, २००० काय सांगतात ते पाहा. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, पण चहूबाजूंनी बंद असलेल्या सभागृहांना त्यातून सूट. खाजगी जागेतला आवाज मोजायचा तो त्या जागेच्या हद्दीवर, आणि तो परिसराच्या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त नको. हे नियम शेजाऱ्याच्या झोपेसाठी आहेत आणि ते हवेतच. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्यासारख्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं न्यायालयात खेटे घातले, तेव्हा कुठे २०१६ मध्ये उच्च न्यायालयाचा सविस्तर निकाल आला. पण भिंतीच्या आत, डान्स फ्लोअरवर, काउंटरमागे किती आवाज आहे, हे या नियमांत कुणी विचारत नाही. कारखान्यातल्या कामगारासाठी निदान आठ तासांना ९० डेसिबल अशी मर्यादा कागदावर तरी आहे. बारमधल्या वेटरचा कान कुठल्या कागदावर आहे?

भिंत जितकी चांगली, तितका आत आवाज वाढवायचा परवाना मिळाला, असाच अर्थ सगळ्यांनी घेतलेला आहे.

आता थोडं गणित, कारण डेसिबल फसवे असतात. ९० आणि १०० मध्ये दहाचाच फरक दिसतो, पण आवाजाची ऊर्जा दहापट होते. दर तीन डेसिबलला ती दुप्पट. म्हणून कान सुरक्षित राहण्याची वेळ दर तीन डेसिबलला निम्मी होते. ८५ डेसिबलला आठ तास, ८८ ला चार, ९१ ला दोन, ९४ ला एक तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. डान्स फ्लोअरवर ९५ ते १०५ डेसिबल ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. आमच्या बारटेंडरच्या काउंटरवर ९७ डेसिबल धरले, तरी पाच तासांच्या शिफ्टमध्ये त्याच्या कानावर दिवसाच्या मर्यादेच्या दहापट मारा होतो. तो तिथे मजा करायला आलेला नाही. ग्राहक दोन तासांनी उठून घरी जातो, हा पगारासाठी उभा आहे.

हा मारा बसतो कुठे? कानाच्या आतल्या भागात गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्यात सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्यांचे सूक्ष्म केस हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. रात्रभर मोठ्या आवाजात बसलात की त्या थकतात, कानाला दडे बसतात, दुसऱ्या दिवशी बरं वाटतं. इथेच माणूस फसतो. हे पुन्हा पुन्हा झालं की काही पेशी कायमच्या मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. त्यासाठी गोळी नाही, इंजेक्शन नाही, ऑपरेशन नाही. "आता सवय झाली, पूर्वीइतका त्रास होत नाही" असं सांगणारे पेशंट मला नेहमी भेटतात. ही सवय नव्हे, ऐकू येणं कमी झालंय.

आणि आवाज चढतो कसा, तेही समजून घ्या. नऊ वाजता डीजे सुरू करतो तेव्हा आवाज बरा असतो. तासाभरात त्याचे स्वतःचे कान थकतात, त्यामुळे त्याला आवाज कमी वाटू लागतो आणि तो गेन वाढवतो. गर्दीचेही कान थकलेले असतात, तेही "अजून, अजून" ओरडतात. त्यात पोटात दारू, म्हणजे कान दुखतोय हे कळायचंही भान नाही. साडेअकराला जो आवाज असतो तो नऊ वाजता लावला असता, तर अर्धे लोक बिल मागून निघून गेले असते. म्हणून "डीजेला कळतं किती ठेवायचा ते" हे म्हणणं चुकीचं आहे. त्या खोलीत आवाजाचा अंदाज सगळ्यात जास्त चुकलेला माणूस तोच असतो, आणि कान सगळ्यात आधी जातात तेही त्याचेच. माझ्याकडे येणाऱ्या डीजेंना मी ऑडिओग्राम दाखवतो तेव्हा ते माझ्याशी भांडत नाहीत. म्हणतात, "सर, आवाज कमी ठेवला तर पुढची सुपारी मिळत नाही."

म्हणजे मुद्दा सुपारी देणाऱ्यापाशी येऊन थांबतो.

बारमालक डीजे ठरवताना काय बघतो? मानधन किती, इन्स्टाग्रामवर फॉलोअर्स किती, बॉलिवूड वाजवणार की टेक्नो, शनिवारी मोकळा आहे का. आवाज किती ठेवणार, हा प्रश्न कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं: आवाज कमी केला की गर्दी जाते, धंदा बसतो.

धंद्याचंच बोलायचं तर बोलू. फ्रान्समध्ये बारमध्ये जाऊन केलेला एक प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. गाण्यांचा आवाज एकदा ७२ डेसिबल ठेवला, एकदा ८८. मोठ्या आवाजात तरुण जास्त बिअर पितात आणि ग्लासही लवकर संपवतात असं दिसलं. मालकमंडळी हे अनुभवाने जाणतातच. डॉक्टर म्हणून मला यात आनंद वाटण्यासारखं काही नाही, पण त्यातला आकडा नीट वाचा. ८८. गल्ला भरायला तेवढा पुरला. मग १०३ कशासाठी? कानाच्या हिशेबात ८८ ला चार तास मिळतात आणि १०३ ला जेमतेम साडेसात मिनिटं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी मानक जाहीर केलं. पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, आवाज सतत मोजला जावा, गरज पडेल त्याला इअरप्लग मिळावेत, कान टेकवायला एक शांत कोपरा असावा. मला स्वतःला १०० हा आकडाही सैल वाटतो. तो दोन-चार तास येणाऱ्या ग्राहकाचा विचार करून ठरवलेला आहे, रोज रात्री उभ्या असणाऱ्या वेटरचा नाही. पण आपल्याकडे तेवढं जरी पाळलं गेलं तरी माझी निम्मी भाषणं बंद होतील.

यात अवघड काही नाही. बारमधली साउंड सिस्टिम बहुतेक वेळा मालकाची असते, डीजे लॅपटॉप आणि कन्सोल घेऊन येतो. सिस्टिमला लिमिटर लावता येतो आणि त्याला कुलूप घालता येतं. मग डीजेने कितीही गेन वाढवला तरी आवाज ठरलेल्या रेषेपुढे जात नाही. स्पीकरची तोंडं काउंटरकडून फ्लोअरकडे वळवता येतात. काउंटरवरच्या माणसाला तासातासाने आत-बाहेर बदलता येतं. ठरवतानाच डीजेला सांगायचं, आमच्याकडे एवढीच मर्यादा आहे, तुझं मानधन तेच राहील. मानधनाचं वाक्य विसरू नका, त्याची भीती तिथेच आहे.

"मी कुठे बारमालक आहे?" असं म्हणून हे पान बंद करू नका. भाचीच्या संगीताला हॉल घेता, मुलाच्या अठराव्या वाढदिवसाला रेस्टोबारचा वरचा मजला घेता, ऑफिसच्या पार्टीचे पैसे तुमच्या सहीने जातात. त्या रात्रीपुरती सुपारी तुमची. तिथे आजी पहिल्या रांगेत असते, कुणाच्या तरी कडेवर सहा महिन्यांचं बाळ असतं आणि स्पीकरला टेकून पोरं नाचत असतात. तुम्ही मात्र पनीर गरम आहे का ते बघत फिरता. तीन फुटांवरच्या माणसाशी ओरडल्याशिवाय बोलता येत नसेल तर आवाज धोक्याच्या वर गेलाय, एवढी खूण मीटर नसला तरी पुरते. जा आणि कमी करायला लावा. पैसे तुम्ही दिलेत.

कापसाचे बोळे घालून भागत नाही, कापसाने आवाज फारच थोडा अडतो. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात. बोटांत चोळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत घालायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. नीट बसले तर वीस डेसिबल सहज कमी होतात. बारमध्ये काम करणाऱ्याने ते रोज घालावेत आणि वर्षातून एकदा ऑडिओमेट्री करून घ्यावी.

आमच्या बारटेंडरचा खड्डा आता भरून येणार नाही. मी प्रमाणपत्रात "मोठ्या आवाजामुळे श्रवणदोष" असं लिहिलं. दोन दिवसांनी मालकाचा फोन आला, "आवाजामुळे" हा शब्द वगळता येईल का? मी म्हटलं, नाही येणार. लिमिटरचं काय झालं, हे मीही विचारलं. "इलेक्ट्रिशियनशी बोलतो," म्हणाला. मुलगा पुढच्या तपासणीला आला की कळेल.

येत्या शनिवारी तुम्ही कुठे बसणार असाल आणि रविवारी उठल्यावर एका कानाने अचानक ऐकू येणं कमी झालं, किंवा कानातली शिटी दिवसभर थांबली नाही, तर कानात तेल घालू नका, मळ असेल म्हणून काडी घालू नका, "उतरेल आपोआप" म्हणून आठवडा घालवू नका. अचानक आलेल्या बहिरेपणाला स्टेरॉइडचा उपयोग होतो तो पहिल्या काही दिवसांत. सोमवारी सकाळीच कानाच्या डॉक्टरकडे जा.