फुकटचा चाकू नको, हाताचा चाकू हवा



औषधाच्या बाटलीबरोबर चाकू फुकट मिळतो. प्लास्टिकची रंगीत मूठ, मुठीवर कंपनीचे नाव, आरशासारखे चकचकीत पाते. माझ्याही खिशात तसाच एक होता. एका गावी कपाशीच्या बांधावर वीस-पंचवीस जण भोवती उभे होते आणि मी बोंड कापून अळी दाखवत होतो. बोंड निबर होते. जोर दिला, तर पाते मिटले ते थेट माझ्या बोटावर. चार टाके पडले. बोटाला फडके बांधताना एक म्हातारे बाबा म्हणाले, "साहेब, फुकटाचं आहे ना जी ते. त्यानं बोंड नाई कापल्या जात, बोटच कापल्या जाते."

चाकूसारख्या चिल्लर वस्तूवर पत्रकाची जागा का खर्चावी, असे काही जण विचारतील. भावाचे बोला, कर्जाचे बोला, विजेचे बोला. बोलूच. पण भाव बाजारात ठरतो आणि खर्च बांधावर ठरतो. त्या खर्चातला मोठा हिस्सा आपण दुसऱ्याच्या सांगण्यावरून करतो. फवारायचे की नाही आणि काय फवारायचे, हे आज कोण ठरवतो? ज्याला बाटली विकायची आहे तो. हा निर्णय त्याच्या हातून काढून घ्यायला जे अवजार लागते, ते खिशात मावते. म्हणून लिहितो.

बाहेरून हिरवे, आतून पोखरलेले

२००२ साली बीटी कापूस आला, २००६ साली दोन जनुकांचा आला. बोंडअळीची चिंता मिटली, असे आपल्याला सांगण्यात आले. पहिल्या बीटीला गुलाबी बोंडअळी दाद देत नाही, हे २०१० साली गुजरातेतल्या शेतांवरून जाहीर झाले. पुढे दुसरी बीटीही तिने पचवली आणि २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यातली कपाशी खाल्ली. त्याच २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. डोळ्याला काही दिसत नसले की भीती वाढते आणि भीती वाढली की फवारणी वाढते.

ही अळी दिसत का नाही? अंड्यातून निघालेली बारीक अळी कोवळ्या बोंडात शिरते आणि तिने पाडलेले भोक बोंड वाढता वाढता बुजून जाते. वरून बोंड हिरवेगार आणि टणक, आत सरकी पोखरली जात असते. झाडाकडे पाहून हे कळत नाही. दुकानात पान नेऊन दाखवले तरी कळत नाही. बोंड कापल्यावरच कळते.

कापायचे कसे? शेतात तिरकस चालत जा. एकरी वीस झाडांवरून प्रत्येकी एक, १५ ते २० दिवसांचे हिरवे बोंड तोडा. तळहातावर कापू नका. बांधावरच्या सपाट दगडावर किंवा फळकुटावर ठेवून उभे कापा. सालीच्या आतल्या बाजूला बारीक गाठी, कुरतडलेली सरकी, पांढरट किंवा गुलाबी अळी, हे पाहा. २० पैकी २ बोंडांत अळी किंवा तिची कुरतड सापडली, तर नुकसान १० टक्क्यांवर गेले. फवारणीचा विचार करायची पातळी ती. एकाच बोंडात दिसली किंवा एकातही दिसली नाही, तर पंप खाली ठेवा आणि आठवड्याने पुन्हा वीस बोंडे कापा. कामगंध सापळेही मोजा. एका सापळ्यात रात्रीला ८ पतंग, असे सलग ३ रात्री आले तर तोही इशारा समजा.

यात गुपित काही नाही. सरकारी पत्रकात हे छापलेले असते. पण 'बोंडे भेदून निरीक्षण करावे' एवढे लिहून साहेब मोकळे होतात. भेदायची कशाने? फवारलेल्या शेतातले बोंड दाताने फोडणारे लोक मी पाहिले आहेत. मी स्वतः कृषी पदवीधर. कॉलेजात आमच्या हाती चिमटा दिला, सुई दिली, भिंग दिले. शेतकऱ्याला द्यायला मात्र फवारणीचे वेळापत्रक दिले: इतक्या दिवसांनी हे, तितक्या दिवसांनी ते. बघण्याचे अवजार आमच्याकडे, फवारण्याचे तुमच्याकडे. या वाटणीत फायदा कोणाचा, हे सांगायला पदवी लागत नाही.

ज्वारीचेही तसेच. रब्बी ज्वारी दाणे भरताना लोळू लागते आणि दुकानदार 'टॉनिक' काढून देतो. आधी ताट बुडख्याशी उभे चिरा. आतला गाभा विरून नुसते धागे उरले असतील आणि त्यांवर कोळशाच्या भुकटीसारखे काळे ठिपके असतील, तर तो खडखड्या. जमिनीतली ओल संपली की बळावणारी ती बुरशी आहे. त्या वेळी वरून काहीही मारले तरी पैसे मातीत. ओल धरून ठेवणे, वेळेवर पेरणे, झाडांची गर्दी कमी ठेवणे, हा तिचा इलाज आणि तो पुढच्या हंगामाचा. चिरल्यावर अळी आणि तिची बिळे दिसली, तर तो खोडकिडा. दुखणे वेगळे, उपाय वेगळा. एक चीर दिल्याशिवाय दोन्ही सारखेच दिसतात.

विळा आहे की!

हे उत्तर प्रत्येक बैठकीत मिळते. विळा कापणीचा राजा आहे, पण तो घरी आढ्याला खोचलेला असतो आणि बोंड दोन फाकांत उकलणे हे त्याचे काम नव्हे. दाढीच्या अर्ध्या ब्लेडने बोंड कापायला गेलात तर बोट आधी. जे अवजार सदा अंगावर असते तेच वेळेला कामी येते, आणि अंगावर तेच राहते जे हाताला बसते. म्हणून चाकू निवडायचा.

पोलाद. चकाकीवर जाऊ नका. दुकानात जाताना लहानसे चुंबक बरोबर न्या. पाते चुंबकाला अजिबात धरत नसेल, तर ते भांड्यांच्या जातीचे स्टील आहे. पाणी देऊन ते कडक होत नाही, धार धरत नाही. चुंबकाला धरले म्हणजे चांगलेच, असेही नाही. मऊ लोखंडही धरते. म्हणून दुसरी परीक्षा कानशीची. पात्याच्या बुडाशी, मुठीजवळ, कानस हलकेच ओढा. घसरली तर पाते पाणी दिलेले. लगेच कीस पडला तर ठेवा परत. कार्बनचे पोलाद गंजते, पण धारेच्या दगडावर थोडे घासले की धार परत येते. काम झाल्यावर पुसून तेलाचा थेंब फिरवला की वर्षानुवर्षे टिकते. बोंडाच्या रसाने त्याच्यावर काळसर डाग पडतात, तो बिघाड नव्हे. पुसायचा कंटाळा असेल त्याने चांगले स्टेनलेस घ्यावे.

सांधा. उघडे पाते पाठीकडून धरून डावी-उजवीकडे हलवा. खुळखुळत असेल तर घेऊ नका. नुसत्या कमानीवर अडणारे पाते उलटा जोर आला की मिटते, माझ्या बोटावर मिटले ते असेच. निबर बोंडाला आणि ताटाला पाते अडकवून ठेवणारे लॉक हवे. बोटे धारेच्या वाटेतून बाजूला ठेवून पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर दाबा. मिटले तर तो चाकू तुमचा नाही. बटण दाबताच पाते उडवणारा खटक्याचा चाकूही घेऊ नका. शेतात त्याचा उपयोग नाही आणि बाजाराच्या दिवशी पोलिसाला खुलासे देत बसावे लागते. १९५९ च्या शस्त्र कायद्याने केवळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेल्या वस्तू शस्त्राच्या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत. आपला चाकू बघताक्षणी शेतीचा वाटला पाहिजे. तीन इंचांचे पाते या कामाला भरपूर झाले.

मूठ. चाकू उघडून घट्ट धरा. चारही बोटे मुठीवर बसली पाहिजेत. करंगळी बाहेर लोंबत असेल तर मूठ आखूड. बोटांची टोके तळव्यात रुतत असतील तर बारीक, तळव्याजवळ येतच नसतील तर जाड. मग हात ओला करून पुन्हा धरा, कारण शेतात हात घामाने ओलाच असतो. गुळगुळीत प्लास्टिक हातात फिरते, बाभळीची किंवा शिसवाची मूठ फिरत नाही. डावखुऱ्याने हे सगळे डाव्या हाताने तपासावे.

हाताप्रमाणे चाकू हे काही माझ्या डोक्यातले खूळ नाही. फ्रान्सच्या साव्हॉय या डोंगराळ मुलुखात जोसेफ ओपिनेल या अवजारे घडवणाऱ्याच्या मुलाने १८९० साली लाकडी मुठीचा साधा मिटता चाकू केला. १८९७ साली तो १ ते १२ अशा बारा मापांत निघाला आणि १९५५ साली त्याला पाते अडवणारे फिरते कडे बसले. आजही तो नंबर सांगूनच विकला जातो. जोडा घेताना आपण नंबर विचारतो. चाकूलाही नंबर असतो हे आपल्याला माहीत नाही, कारण आपल्या हाताचे माप घ्यायची गरज कोणाला वाटली नाही.

साडीला खिसा नाही

कपाशी निंदते कोण? वेचते कोण? किडके बोंड, कवडी झालेला कापूस पहिल्यांदा कोणाच्या हाती लागतो? बाईच्या. चाकू मात्र पुरुषाच्या खिशात, आणि तोही पुरुषाच्या पंजाच्या मापाचा. कडक कमानीचा चाकू उघडायला नखाचा जोर लागतो. निंदून निंदून जिची नखे झिजली, तिला तो उघडतच नाही. मग ती दाखवणार कशी आणि तिचे ऐकणार कोण?

म्हणून घरात दोन चाकू हवेत. दुसरा तिचा, तिने स्वतः हातात धरून निवडलेला, सहज उघडणारा, मुठीला कडी असलेला, दोरीने कमरेला बांधता येईल असा. नवऱ्याने अंदाजाने आणून दिलेला चालणार नाही. तिला काय कळते, असे म्हणणाऱ्याने आधी मोजावे की कपाशीतल्या दिवसांपैकी तिचे किती आणि आपले किती.

एक पथ्य दोघांनी पाळायचे. फवारलेल्या शेतात वापरलेला चाकू साबणाने धुवायचा आणि त्याने भाकरीबरोबरचा कांदा कापायचा नाही.

मुठीवर नाव कोणाचे?

फुकट काही नसते. त्या चाकूची किंमत बाटलीत धरलेली असते. शिवाय हेही पाहा, बोंड नीट कापले गेले तर बाटली कमी खपते. मग बाटली विकणारा चांगला चाकू देईल कशाला?

सगळे दुकानदार लबाड आहेत असे मी म्हणत नाही. बँक दारात उभी करत नाही तेव्हा उधारी तोच देतो. पण उधारी त्याची म्हणून सल्लाही त्याचाच, ही खरी गाठ आहे. ती एका चाकूने सुटणार नाही हे मला ठाऊक आहे. अळी आटोक्यात ठेवायला फरदड सोडावी लागेल, पऱ्हाट्या वेळेवर काढाव्या लागतील, तेही खरे. पण वीस बोंडे कापून दुकानात गेलेल्या माणसाचे बोलणे वेगळे असते. तो "काय मारू?" असे विचारत नाही. तो म्हणतो, "विसात एक निघालं. आज काही नको." उधारीच्या वहीत त्या दिवशी ओळ वाढत नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना आपापला चाकू घेऊन या. बायांनीही आणा. ज्यांच्याकडे नाही त्यांनी दुसऱ्याचा हातात धरून पाहावा, आपल्या पंजाला कोणता बसतो ते ठरवावे आणि मग विकत घ्यावा. धारेचा दगड मी आणतो. बोंडांचे दिवस असतील तर प्रत्येकाने आपल्या शेतातली वीस बोंडे आणावीत. सतरंजीवर सगळ्यांसमोर कापू, आकडे फळ्यावर लिहू आणि कोणत्या गावात फवारायचे, कोणत्या गावात नाही, ते तिथेच ठरवू.

आपला,
एक कृषी पदवीधर कार्यकर्ता