बोट ट्रिगरवर नको, एवढंच मी म्हणाले!

पडद्यावरचं फायरिंग आता अगदी खरं वाटायला लागलंय. ॲक्शनप्रेमींसाठी हे भारीच. पण 'खरं' म्हणजे नक्की काय, हे आपण एकदा तरी स्वतःला विचारायला हवं.

मागच्या वर्षीची गोष्ट. रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. शाळेपासूनचा मित्र. गोठ्यासमोर उभा, हातात देशी कट्टा, मान थोडी तिरकी आणि चेहऱ्यावर ट्रेलरमधल्या हिरोचा लूक. खाली मेसेज, 'कसा दिसून राह्यलो?'

मी काय उत्तर दिलं माहितीये?

'बोट ट्रिगरवर नको ठेवू बे, नवशिका वाटतोस. बाजूला सरळ ठेव, जॉन विकसारखं.' आणि पुढे हसणारे तीन इमोजी.

हा कट्टा कोणाचा, तुझ्याकडे कसा आला, त्यात गोळी आहे का, यातलं मी काहीच विचारलं नाही. सुचलंच नाही. त्याचा फोटो पाहून मला पहिली चूक दिसली ती पकडीची.

त्याचं पुढे काय झालं ते सांगतेच. आधी माझ्याबद्दल सांगते, कारण तुमच्यातले अनेक जण माझ्यासारखेच असणार.

मला ॲक्शन सिनेमे आवडतात. नुसते आवडतात असं नाही, मी ते थांबवून थांबवून बघते. हिरोने किती गोळ्या झाडल्या हे मोजते. आपल्या आईबाबांच्या काळात हिरोच्या पिस्तुलातल्या गोळ्या कधी संपायच्याच नाहीत. आता तसं चालत नाही. १९९५ च्या 'हीट'मध्ये लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर जी गोळीबाराची लढाई आहे, ती आजही लोक नमुना म्हणून दाखवतात. दिग्दर्शक मायकल मान यांनी नटांना आधी खऱ्या बंदुकांचं प्रशिक्षण दिलं होतं आणि इमारतींमध्ये घुमणारा तो आवाज शूटिंगच्या जागीच रेकॉर्ड केला होता. २०१४ च्या 'जॉन विक'ने तर मॅगझिन बदलणं हाच सीनचा भाग केला. गोळ्या संपतात, हिरो अडकतो, मॅगझिन बदलतो, मग पुढे जातो. हे पाहिल्यावर जुनं काही बघवत नाही.

चुका पकडण्यातही एक मजा असते. एके-४७ चं उदाहरण घ्या. तिच्या नेहमीच्या मॅगझिनमध्ये ३० गोळ्या बसतात आणि वेग असतो मिनिटाला साधारण ६०० गोळ्यांचा. म्हणजे सेकंदाला दहा. ट्रिगर दाबून धरला तर तीन सेकंदांत खेळ खलास. हिरो अर्धा मिनिट सलग फायरिंग करत असेल, तर त्याला ३०० गोळ्या लागतील. म्हणजे दहा मॅगझिन, जवळपास आठ किलो वजन. ते त्याने कुठे ठेवलंय? शर्टाच्या खिशात?

किंवा गोळी लागल्यावर माणूस दहा फूट मागे उडतो तो सीन. अकरावीचं फिजिक्स आठवा, न्यूटनचा तिसरा नियम. गोळीच्या धक्क्याने समोरचा उडणार असेल, तर गोळी झाडणाराही तितकाच मागे उडायला हवा. सायलेन्सर लावला की 'फुस्स' एवढाच आवाज येतो, तेही खोटं. साध्या पिस्तुलाचा आवाज १५० डेसिबलच्या पुढे जातो. सायलेन्सरने तो बराच कमी होतो, तरी शेजारच्या खोलीतला माणूस दचकून उठेल एवढा उरतोच. आणि कारच्या दारामागे लपून कोणी रायफलच्या गोळीपासून वाचत नाही. पत्रा आहे तो.

हे सगळं मला पाठ होतं. म्हणूनच तो फोटो आल्यावर मी परीक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसले.

खरी बंदूक मी एकदाच हातात घेतलीय. एनसीसीत, सेकंड इयरला. पॉइंट टूटू रायफल, २५ मीटरवर टार्गेट आणि पाच गोळ्या. सिनेमे पाहून पाहून मला वाटत होतं, आपण बुल्सआय मारणार. प्रत्यक्षात जमिनीवर पालथं पडल्यावर कोपर सोलवटलं, श्वास थांबेना आणि पाचपैकी दोन गोळ्या कागदाला लागल्यासुद्धा नाहीत. पण लक्षात राहिली ती वेगळीच गोष्ट. रेंजवरची शिस्त. रायफल रिकामी असली तरी भरलेली समजायची. तोंड टार्गेटकडेच, दुसरीकडे वळवायचं नाही. हुकुमाशिवाय हात लावायचा नाही. शेवटी रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्यायच्या. एक पुंगळी सापडेना, तर आम्ही तीसेक जणी उन्हात वाकून गवतात ती शोधत होतो. एका रिकाम्या पुंगळीसाठी! तेव्हा वैताग आला होता. आज कळतं, जिथे बंदूक रोज हाताळतात, तिथे तिची धास्तीही रोज बाळगतात.

मला सिनेमांशी भांडायचंय ते याच मुद्द्यावर. सिनेमा बंदूक धरायला खरी शिकला, पण बंदुकीनंतर काय होतं ते दाखवायला शिकला नाही. पकड खरी, पवित्रा खरा, मॅगझिन खरं. पडलेली माणसं मात्र खोटी. ती पडतात आणि फ्रेममधून गायब होतात. त्यांना घर नसतं, त्यांच्या आयांना फोन जात नाही, कोणी पंचनामा करत नाही. २०२३ च्या 'ॲनिमल'मध्ये हॉटेलातल्या त्या लांबलचक मारधाडीत आपलं 'डॉल्बीवाल्या' वाजतं. थिएटरमध्ये मीही शिट्टी मारली. किती माणसं मेली, हे मोजायचं तेव्हा मला सुचलं नाही. मी, जी एरवी गोळ्या मोजते!

आपल्याच राज्यातली उदाहरणं घ्या. १६ नोव्हेंबर १९९१ ला मुंबईत लोखंडवाला कॉम्प्लेक्समध्ये पोलिसांनी माया डोळस आणि त्याच्या साथीदारांना घेरलं. दिवसाढवळ्या, लोकांच्या वस्तीत, सुमारे चार तास गोळीबार चालला. सात जण मेले. त्यावर २००७ मध्ये सिनेमा आला आणि मायाचे डायलॉग पोरांच्या तोंडी बसले. त्या चार तासांत शेजारच्या फ्लॅटमधली माणसं लेकरांना घेऊन कुठे बसली असतील? हा सीन तुमच्या डोक्यात कधी आला होता? माझ्या नव्हता आला.

आणि २६/११. गिरगाव चौपाटीवर गाडी अडवल्यावर सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे कसाबसमोर गेले, तेव्हा त्यांच्याकडे होती फक्त लाठी. त्यांनी एके-४७ ची नळी हातांनी धरली आणि गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. त्यामुळेच कसाब जिवंत सापडला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. त्यात ना पवित्रा होता, ना स्लो मोशन. बंदुकीसमोर माणूस उभा राहतो म्हणजे काय, हे मला कुठल्याच सिनेमापेक्षा या काही सेकंदांनी जास्त सांगितलं.

सगळेच सिनेमे फसवतात असं मी म्हणत नाही. नाना पाटेकर यांचा १९९१ चा 'प्रहार' बघा. त्यासाठी नानांनी स्वतः लष्करी प्रशिक्षण घेतलं होतं आणि सिनेमाचा मोठा भाग कमांडोंच्या त्या जीवघेण्या ट्रेनिंगचाच आहे. शस्त्र हातात येण्याआधी किती घाम गाळावा लागतो, ते दिसतं. २०१४ चा मराठी 'रेगे' तर आपल्या वयाच्या पोराचा आहे. मेडिकलला शिकणारा मुलगा, त्याला गँग आणि एन्काउंटरवाल्यांच्या जगाचं भलतंच आकर्षण. शेवट सांगत नाही, बघाच. त्यातल्या बंदुका बघून कुणाला फोटो काढावासा वाटणार नाही, एवढं सांगते.

गंमत म्हणजे, सिनेमाच्या सेटवर मात्र बंदुकीची भीती खरी असते. असायलाच हवी. २१ ऑक्टोबर २०२१ ला अमेरिकेत 'रस्ट'च्या सेटवर रिहर्सल करताना नट अलेक बाल्डविन यांच्या हातातल्या रिव्हॉल्व्हरमधून खरी गोळी सुटली आणि सिनेमॅटोग्राफर हॅलिना हचिन्स गेल्या. वय फक्त ४२. सेटवर खरी गोळी येताच कामा नये, हा साधा नियम मोडला गेला होता. शस्त्रांची जबाबदारी असलेल्या महिलेला २०२४ मध्ये १८ महिन्यांची शिक्षा झाली. जिथे सगळंच खोटं, तिथे एका खऱ्या गोळीने जीव घेतला.

आपल्याकडच्या बातम्यांत एक शब्द नेहमी येतो, 'जिवंत काडतूस'. इंटर्नशिपमध्ये पोलिसांच्या प्रेसनोट टाइप करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा तो शब्द मी आठवड्यातून दोनदा तरी लिहू लागले. 'एक देशी पिस्तूल, दोन जिवंत काडतुसे जप्त.' सातपुड्याच्या पायथ्याला, मध्य प्रदेशच्या सीमेवर आपले जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके आहेत. पलीकडे बुऱ्हाणपूर जिल्ह्यातलं पाचोरी. तिथे बनणाऱ्या पिस्तुलांच्या आणि इकडे सोनाळा, टुनकी भागात झालेल्या कारवाईच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. त्या गावांतली माणसं तुमच्या-माझ्यासारखीच, कापूस-सोयाबीन पिकवणारी. वाट तिथून जाते, एवढंच. पण मुद्दा हा, की आपल्या जिल्ह्यात कट्टा ही फक्त पडद्यावरची वस्तू नाही. आणि पडद्यावरच्यासारखी ती चालतही नाही. अशा कट्ट्याची कोणी चाचणी केलेली नसते. अनेकदा सेफ्टी नसते. हातातच फुटू शकतो.

सिनेमा पाहून कोणी गुन्हेगार होतो का? माझं उत्तर, नाही. मी शेकडो पाहिलेत. माझा मित्रही गुन्हेगार नव्हता. माझं म्हणणं एवढंच, की समोर बंदूक आली तर डोक्यात पहिला प्रश्न कोणता येतो, हे आपण काय पाहत आलोय त्यावर ठरतं. माझ्या डोक्यात पहिला प्रश्न स्टाइलचा आला.

तर मित्राचं काय झालं? तो कट्टा त्याचा नव्हताच. ओळखीच्या एकाचा होता. दोन मिनिटं हातात घेतला, फोटो काढला, परत दिला. काही आठवड्यांनी तो ओळखीचा माणूस पकडला गेला आणि त्याच्या फोनवरून पोलीस माझ्या मित्रापर्यंत आले. मित्राच्या मोबाइलमध्ये तो फोटो होता. त्याखाली माझा मेसेजही होता. मलाही बोलावतील, या भीतीने मला कित्येक रात्री झोप लागली नाही. बोलावलं नाही. पण त्याच्यावर गुन्हा दाखल झाला.

हा मुलगा दोन वर्षं रोज पहाटे पाच वाजता ग्राउंडवर असायचा. पोलीस भरतीसाठी. १६०० मीटरचं टायमिंग त्याने किती मेहनतीने कमी केलं होतं, ते मी पाहिलंय. आता भरती म्हटलं की आधी चारित्र्य पडताळणी आठवते. आता तो ग्राउंडवर येत नाही. कोर्टाच्या तारखांना जातो. त्याची आई मला रस्त्यात भेटली, तर विचारते, 'तुले तं माहीत होतं ना बाई?' मला होतं.

कायदा काय म्हणतो, तेही माहीत असू द्या. शस्त्र कायद्याच्या कलम ३ आणि २५ नुसार विनापरवाना बंदूक बाळगली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षांची शिक्षा आहे. लग्नात, वरातीत हौसेने हवेत गोळीबार करणंही गुन्हा आहे, शस्त्र परवान्याचं असलं तरी. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'फक्त रीलसाठी घेतला होता' हे कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही.

म्हणून तुम्हाला दोनच गोष्टी सांगते. पहिली, सिनेमे बघा. मीही बघणार आहे. चुका काढा, मॅगझिन मोजा. फक्त गोळ्या मोजताना, त्या ज्यांना लागल्या ती माणसंही मोजा. जो सिनेमा तुम्हाला तेवढं मोजू देतो, त्यालाच 'रिअलिस्टिक' म्हणा.

दुसरी, तुमच्या फोनवर कधी असा फोटो आला, तर माझ्यासारखं उत्तर देऊ नका. लाइक नको, फॉरवर्ड नको, 'भारी भाऊ' नको. लगेच फोन लावा. म्हणा, 'ते खाली ठेव, हात लावू नको आणि तिथून नीघ.' ऐकत नसेल, तर ज्याचं तो ऐकतो अशा मोठ्या माणसाला सांगा. धोका वाटला, तर ११२ आहेच. मैत्री तुटेल असं वाटेल. चार दिवस तो बोलणार नाही कदाचित.

चालतंय. माझा मित्र आजही माझ्याशी बोलतो. पण मी तेव्हा फोन केला असता, तर आज तो पहाटे ग्राउंडवर असता.