कंबरेचा घेर कोणी मोजायचा?

काकती-बेळगाव परिसरात व्यवसाय करताना एक गोष्ट मला सतत खटकत आली आहे. रक्तदाबाचा कागद हृदयरोगतज्ज्ञांचा, साखरेचा मधुमेहतज्ज्ञांचा, यकृतातील चरबीचा पोटविकारतज्ज्ञांचा, अनियमित पाळीचा स्त्रीरोगतज्ज्ञांचा. कागद निरनिराळे, पण पुष्कळदा त्यांमागचा विकार एकच, मेटॅबॉलिक सिंड्रोम. तो नाव घेऊन लिहायचा कोणी, हे मात्र ठरलेले नाही.

व्याख्यांनीही गोंधळात भर घातली. १९८८ साली जेराल्ड रीव्हन यांनी ‘सिंड्रोम एक्स’ मांडला, तेव्हा त्यात स्थूलता नव्हतीच. पुढे ती आली. समजा, एका पुरुषाचा घेर ९४ सेंटिमीटर, रक्तदाब १३२/८६ आणि उपाशीपोटीची साखर १०४ आहे. ट्रायग्लिसराइड व एचडीएल ठीक. २००१ च्या अमेरिकी निकषांत घेराची मर्यादा १०२ आणि साखरेची ११०; म्हणजे दोष एकच, रक्तदाबाचा. २००९ च्या संयुक्त व्याख्येने आपल्याकडील पुरुषांची ९० ची मर्यादा व साखरेची १०० ची धरली, तर पाचपैकी तीन दोष भरतात व निदान पक्के होते. मनुष्य तोच!

आपल्यासाठी वेगळी मर्यादा का, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्यासह २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखविले. दोघांचाही बीएमआय २२.३, परंतु शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिकांचा २१.२! तेव्हा ‘अंगाने बारीक आहे, काळजी नको’ हा दिलासा आपण देऊ नये.

२००५ साली अमेरिकेच्या व युरोपच्या मधुमेह संघटनांनी आक्षेप घेतला की, या नावाने उपचार बदलत नाहीत. घटकांवर इलाज करावा. शास्त्र म्हणून आक्षेप वजनदार आहे. परंतु जिथे प्रत्येक घटक वेगळ्या दवाखान्यात जातो, तिथे हे नावच सर्वांना एका कागदावर आणते, असे माझे मत आहे.

म्हणून रुग्ण प्रथम ज्याच्याकडे येईल, त्याने टेप काढावी. विजार किंवा साडी बांधतो तिथे नव्हे. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडल्यावर मोजावे. स्त्रियांत ८०, पुरुषांत ९० ओलांडल्यास आकडा चिठ्ठीवर सर्वांत वर लिहावा आणि रक्तदाब, साखर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल यांपैकी काय तपासायचे राहिले, तेही त्याखाली लिहून पुढच्या डॉक्टरांकडे पाठवावे.